पाच वर्षं कोणाच्या खिशातली?

१४ जून २०१८ रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला आणि यजमान रशियानं सौदी अरेबियाला ५-० असं धुऊन काढलं. त्याच दिवशी पंतप्रधान दिमित्री मेदवेदेव यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत निवृत्तीचं वय वाढवण्याची घोषणा केली. पुरुषांचं ६० वरून ६५, बायकांचं ५५ वरून थेट ६३. जाता जाता मूल्यवर्धित करही १८ टक्क्यांवरून २० वर नेण्याचं ठरलं. हा मुहूर्त आपोआप निघाला, यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. विश्वचषकाचे सामने असलेल्या शहरांत त्या काळापुरती सभा-मोर्च्यांवर राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानंच कडक बंधनं होती. आणि जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, १८ मार्चला, व्लादिमीर पुतिन ७६ टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले होते. त्या सगळ्या प्रचारात निवृत्तीच्या वयाबद्दल अवाक्षर नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला लेवादा या स्वतंत्र संस्थेनं लोकांना विचारलं तेव्हा दहातले नऊ जण विरोधात निघाले. रशियासारख्या देशात दहातले नऊ जण कशावरही एकमत होत नाहीत, झालेच तर सरकारच्या बाजूनं होतात. म्हणून हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. बाहेरून पाहणारे अर्थतज्ज्ञ त्यावर बहुधा एकच शेरा मारून मोकळे होतात: लोकांना गणित कळत नाही. मला हा शेरा आळशी वाटतो. गणित बरंचसं बरोबर होतं आणि लोकांना ते कळतही होतं. तूट आहे एवढंच गणित सांगतं. ती कोणी भरायची, हा प्रश्न गणितानंतर येतो. तिथे सरकारनं कोणालाही काहीही न विचारता बोट दाखवलं ते पंचावन्न वर्षांची नर्स आणि साठीचा ड्रायव्हर यांच्याकडे.

आधी सरकारची बाजू प्रामाणिकपणे मांडू. ६० आणि ५५ ही वयं सोव्हिएत काळात, १९३० च्या दशकात ठरली आणि १९५६ च्या पेन्शन कायद्यानं ती देशभर पक्की झाली. सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना तर सरकारी पेन्शन मिळायला १९६४ चा कायदा यावा लागला. तेव्हाचा देश तरुण होता. आता दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होत होती आणि तिची जागा घ्यायला नव्वदच्या दशकातली तोकडी पिढी उभी होती. १९८७ मध्ये रशियात सुमारे २५ लाख मुलं जन्मली, १९९९ मध्ये १२ लाखांच्या आसपास. ही दरी कोणत्याही भाषणानं बुजत नाही. कामावर असलेल्यांच्या पगारातून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन द्यायची अशी रचना असेल, तर देणारे घटले आणि घेणारे वाढले की कुठेतरी ओढाताण होणारच. बेलारूसनं २०१६ मध्येच वय वाढवायचा निर्णय घेतला होता, युक्रेननं बायकांचं वय २०११ च्या कायद्यानं हळूहळू ६० कडे नेलं होतं. माजी अर्थमंत्री अलेक्सेई कुद्रिन वर्षानुवर्षं हेच सांगत होते. ते चूक सांगत होते असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

पण आता हिशोबाच्या दुसऱ्या पानावर येऊ.

रशियात पेन्शनसाठीची वर्गणी मालक भरतो, तेव्हा ती पगाराच्या २२ टक्के होती. २०१८ मध्ये वर्षाला १० लाख २१ हजार रूबलपर्यंतच्या पगारावर हा दर होता आणि त्यावरच्या रकमेवर तो उतरून १० टक्के व्हायचा. म्हणजे ज्याचा पगार जास्त, त्याचा वाटा टक्केवारीनं कमी. जोडीला प्राप्तिकर २००१ पासून सरसकट १३ टक्के. तेलकंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला १३ आणि शाळेतल्या शिपाईबाईंनाही १३. तूट भरायची तर या दोन ठिकाणी हात घालता आला असता. २०१८ मध्ये तो घातला गेला नाही. २०२१ मध्ये वर्षाला ५० लाख रूबलवरच्या उत्पन्नावर १५ टक्के आले, आणि २०२५ पासून करांचे पाच टप्पे झाले, वरचा २२ टक्क्यांचा. थोडक्यात, श्रीमंतांकडून जास्त घेणं अशक्य नव्हतंच. युक्रेनयुद्धाचा खर्च गळ्याशी आल्यावर तर २२ टक्केही लगेच शक्य झाले.

याहून बोचणारी गोष्ट अशी की त्या वर्षी तिजोरी रिकामी नव्हती. तेलाचा भाव पिंपाला ४० डॉलरच्या आसपासच्या ठरलेल्या मर्यादेवर गेला की वरचं उत्पन्न परकीय चलन घेऊन राखीव निधीत टाकायचं, असा नियम होता. २०१८ मध्ये तेल सत्तरच्या घरात होतं. वर्षअखेर केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.७ टक्के इतकी शिल्लक उरली. सरकारी माणूस म्हणेल, शिल्लक पावसाळ्यासाठी असते. २०१४ मध्ये तेल कोसळलं आणि निर्बंध आले, तेव्हा याच साठ्यानं तारलं. मान्य. पण राष्ट्रीय कल्याण निधी नावाची जी तिजोरी त्यातून भरत होती, तिचा कायद्यात लिहिलेला एक हेतूच मुळी पेन्शनव्यवस्थेला आधार देणं हा आहे. ज्याच्या नावानं डबा भरायचा, त्यालाच उपाशी ठेवायचं, असा तो प्रकार होता. पुढे याच निधीतून युद्धकाळातल्या अर्थसंकल्पांची भोकं बुजवली गेली.

आणि वय सगळ्यांचं वाढलं असंही नाही. सैन्य, पोलीस, राष्ट्रीय रक्षक दल, गुप्तचर सेवा यांचे पेन्शनचे नियम वेगळे. सेवेची वीस वर्षं झाली की त्यांना पेन्शनचा हक्क मिळतो. २०१८ च्या कायद्यानं त्याला हातही लावला नाही. वय वाढवण्याच्या विरोधात मोर्चा काढणाऱ्या बाईला व्हॅनमध्ये कोंबणारा पोलीस स्वतः चाळिशीत पेन्शनला पात्र होणार होता. हे रशियन माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मग पुरुषांचा प्रश्न. २०१७ मध्ये रशियन पुरुषाचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान साडेसदुसष्ट वर्षं होतं, बाईचं साडेसत्त्याहत्तरच्या आसपास. पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं आणि सरासरीनं अडीच वर्षांत जायचं, असा अर्थ लोकांनी काढला. हा अर्थ तंतोतंत बरोबर नाही आणि विरोधकांनी तो बिनदिक्कत वापरला, हेही सांगायला हवं. जन्मावेळच्या सरासरीत तिशीत दारूनं, अपघातानं, हृदयविकारानं गेलेले सगळे धरलेले असतात. जो साठी गाठतो, तो पुढे बरीच वर्षं जगतो. अर्थतज्ज्ञांचा हा खुलासा खरा आहे, फक्त त्यानं त्यांची बाजू मजबूत होत नाही. कारण साठी न गाठणाऱ्यांच्या नावानंही आयुष्यभर वर्गणी जमा होत असते. वय पाच वर्षांनी पुढे सरकवलं की त्या पाच वर्षांत मरणाऱ्यांचीही भर त्यांत पडते. रशियाच्या कामगार महासंघानं जी ऑनलाइन याचिका काढली, तिच्यावर २५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिच्यात म्हटलं होतं की ६२ प्रदेशांत पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६५ पेक्षा कमी आहे, तीन प्रदेशांत तर ६० पेक्षाही कमी, आणि सध्याचे मृत्युदर पाहता ४० टक्के पुरुष नव्या वयापर्यंत पोचणारच नाहीत. मॉस्कोतला पुरुष देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त जगतो. सैबेरियातल्या तुवाचा किंवा अतिपूर्वेकडच्या चुकोत्काचा तसा जगत नाही. कायद्यानं या सगळ्यांना एकच पासष्ट दिली. खाणकामगारांसारख्या धोक्याच्या कामांना जुनी सवलत राहिली खरी, पण अतिउत्तरेच्या थंडीत राबणाऱ्यांचं लवकर निवृत्तीचं वयही पाच वर्षांनी पुढे गेलं.

हा मुद्दा सगळ्यात झणझणीत शब्दांत मांडला होता तो खुद्द पुतिन यांनी. एप्रिल २०१५ मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात त्यांनी पुरुषांच्या आयुर्मानाचा आकडा देऊन विचारलं होतं की आता वय ६५ केलं तर काय, माणसानं काम करायचं आणि मग लाकडी डगला चढवून निघायचं? लाकडी डगला म्हणजे शवपेटी. त्याआधी, सप्टेंबर २००५ मध्ये, त्यांनी याहून साधं वाक्य उच्चारलं होतं: मी निवृत्तीचं वय वाढवण्याच्या विरोधात आहे आणि मी राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत असा निर्णय होणार नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात ही चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होती. विरोधकांना नवं घोषवाक्य शोधायची गरजच नव्हती.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट उलटी वाटेल, कारण आपल्याकडे मागणीची दिशाच वेगळी आहे. महाराष्ट्रात राज्य सरकारी अधिकाऱ्यांच्या संघटना निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागल्या आहेत. वय वाढवू नका असा मोर्चा इथे कोणी काढल्याचं आठवत नाही. कारण आपल्याकडे बहुतेकांना पेन्शन नाहीच. ज्यांना आहे त्या सरकारी नोकरांसाठी निवृत्ती म्हणजे पूर्ण पगाराकडून अर्ध्याकडे उतरणं. मार्च २०२३ मधला राज्यव्यापी संप पेन्शनची रक्कम आणि हमी यांसाठी होता, वयासाठी नव्हता. रशियात पेन्शन जवळपास प्रत्येकाला आहे, आणि मुख्य म्हणजे ती घेण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. पंचावन्नाव्या वर्षी शिक्षिकेची पेन्शन सुरू व्हायची आणि तिचा वर्गही चालू राहायचा. पगार आणि पेन्शन असे दोन पैसे घरात यायचे. २०१८ मध्ये सरासरी पेन्शन महिना तेरा-चौदा हजार रूबल होती. लहान गावात ही रक्कम पगाराच्या निम्म्यापर्यंत जाते. तेव्हा पुरुषाची पाच वर्षं म्हणजे आजच्या भाषेत ‘आणखी पाच वर्षं काम’ नव्हे, काम तो करतच असतो. ती म्हणजे साठ हप्ते, ढोबळमानानं आठ लाख रूबल, जे त्याच्या घरात येणार होते आणि आले नाहीत. लोक आळशी आहेत, त्यांना लवकर घरी बसायचंय, हा आरोप इथेच गळून पडतो.

बायकांच्या बाबतीत हिशोब आणखी गुंतागुंतीचा होतो. रशियन घरात आजी ही संस्था आहे. मुलगी बाळंतपणानंतर कामावर परत जाते ती बहुतेक वेळा आजीच्या भरवशावर, कारण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरांत पुरेशा जागा नाहीत. मे २०१८ च्या सरकारी फर्मानात या जागा वाढवण्याचं उद्दिष्ट होतंच, म्हणजे त्या कमी आहेत हे सरकारला ठाऊक होतं. आजी त्रेसष्टपर्यंत कामावर राहिली तर नातवंडाला कोण पाहणार? आई घरी बसणार. अर्थखात्याच्या तक्त्यात एक पंचावन्न वर्षांची कामगार वाढते, आणि तिची तिशीतली मुलगी त्याच तक्त्यातून गळते. शिवाय मूल जन्माला घालायचं की नाही, याचा विचार करणाऱ्या जोडप्यासाठी जवळ राहणारी पेन्शनर आई हा मोठा आधार असतो. जन्मदर घटल्यामुळे पेन्शनव्यवस्था कोसळतेय, असं म्हणणाऱ्या सरकारनं जन्मदराचाच एक टेकू काढायला घेतला होता.

त्याच मे २०१८ च्या फर्मानात २०२४ पर्यंत सरासरी आयुर्मान ७८ आणि २०३० पर्यंत ८० वर नेण्याचंही लिहिलं होतं. लोक जास्त जगणार, म्हणून जास्त काम करणार, असा तो युक्तिवाद. काम आधी वाढलं, आयुष्य मागाहून यायचं होतं. मग करोना आला. २०२१ मध्ये एकूण आयुर्मान सत्तरवर घसरलं आणि पुरुषांचं साडेपासष्टवर. नंतर ते सावरलं, पण २०२४ मध्ये ७८ च्या जवळपासही नव्हतं. कायद्यातलं वय मात्र वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकत राहिलं. उद्दिष्ट चुकलं तर वय मागे येईल, असं कलम त्यात नव्हतं. वय खरोखर आयुर्मानाशीच बांधलेलं असतं, तर ते असायला काय हरकत होती?

काम देणार कोण, हा प्रश्न तर सरकारला सर्वांत उशिरा सुचला. रशियात पंचेचाळिशीनंतर नोकरी गेलेल्या माणसाला दुसरी मिळणं कठीण जातं, वयावरून भेद करायला कागदोपत्री बंदी असूनही. लोकांचं साधं म्हणणं होतं: पंचावन्नाव्या वर्षी मला कोणी कामावर घेत नाही आणि तुम्ही पेन्शन देत नाही, मग मधली वर्षं मी खाऊ काय? यावर सरकारनं फौजदारी कायद्यात नवं कलम घातलं. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला केवळ वयापायी नाकारलं किंवा काढलं तर दोन लाख रूबलपर्यंत दंड किंवा सक्तीचं काम. वाचायला बरं वाटतं. पण ‘वयामुळे नाकारलं’ असं कोणता मालक लिहून देतो? उलट उद्या काढता येणार नाही या भीतीनं त्या वयाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला घ्यायचंच नाही, किंवा त्याआधीच घरी पाठवायचं, असा शहाणपणा एखाद्या मालकाला सुचला तर नवल नाही. तरुणांना सोडून म्हाताऱ्यांना घ्या, असं कायद्यानं कोणाला सांगताही येत नाही.

इथवर सगळं पैशाचं. पण नुसत्या पैशानं दहातले नऊ जण एका बाजूला जात नाहीत. या विरोधाची खोली समजायची तर पेन्शनचा आधीचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो शब्द फिरवण्याचा इतिहास आहे. १९९२ च्या महागाईत सोव्हिएत बचत बँकेतल्या आयुष्यभराच्या ठेवी वितळून गेल्या. २००५ च्या जानेवारीत म्हाताऱ्यांच्या फुकट बसप्रवास आणि औषधांसारख्या सवलती काढून हातावर तुटपुंजी रोकड टेकवली गेली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत पेन्शनरांनी रस्ते अडवले होते. २००२ च्या सुधारणेत तरुण कामगारांना सांगितलं गेलं की तुमच्या वर्गणीतला एक भाग तुमच्या स्वतःच्या नावावर साठेल, तो गुंतवला जाईल, म्हातारपणी तुम्हालाच मिळेल. २०१४ पासून या खात्यांत नवे पैसे टाकणं थांबवलं. ते आजची पेन्शन भागवायला वळवले गेले आणि ही तात्पुरती सोय दरवर्षी वाढवत नेली. २०१६ मध्ये आदल्या वर्षीची महागाई १२.९ टक्के असताना पेन्शन ४ टक्क्यांनी वाढली आणि काम करणाऱ्या पेन्शनरांची वाढ तर बंदच झाली. त्याच वर्षी क्रिमियात एका बाईनं वाढीबद्दल विचारल्यावर मेदवेदेव म्हणाले होते की पैसे नाहीत, तुम्ही तग धरा, तुम्हाला शुभेच्छा, चांगली मनःस्थिती आणि आरोग्य लाभो. रशियात हे वाक्य म्हणीसारखं वापरलं जातं.

इतकं सगळं झाल्यावर शिल्लक काय राहिलं होतं? वय. साठ आणि पंचावन्न. रक्कम कमी असो, महागाई खाऊन टाको, पण ठरलेल्या वाढदिवसानंतर ती येणार. मतदानाला अर्थ उरलेला नाही, वर्तमानपत्रं एका सुरात गातात, मोर्चाला परवानगी लागते, हे सगळं सोसलेल्या माणसाच्या दृष्टीनं राज्यसंस्थेनं पाळलेला तो जवळजवळ एकमेव शब्द होता. तुम्ही आमच्या पगारात डोकावू नका, आम्ही तुमच्या राजकारणात डोकावणार नाही, अशी पुतिनकाळाची अलिखित बोली होती, असं अनेक जाणकार म्हणतात. ती बोली आधी मोडली सरकारनं.

आणि लोक रस्त्यावर आले, जितके येऊ शकत होते तितके. १ जुलैला, लुझ्निकीवर रशियानं स्पेनला पेनल्टींवर हरवून देशाला वेड लावलं त्याच दिवशी, ओम्स्कसारख्या सामने नसलेल्या शहरांत हजारोंचे मोर्चे निघाले. जुलैअखेर मॉस्कोत कम्युनिस्टांची मोठी सभा झाली. ‘पेन्शनवर जगायचंय, कामावर मरायचं नाही’ या अर्थाची पाटी गावोगाव दिसू लागली. कम्युनिस्ट, उदारमतवादी, झिरिनोव्स्कींचे राष्ट्रवादी, कामगार संघटना, पुतिनविरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी आणि एरवी कधी घोषणा न दिलेली माणसं एकाच मागणीवर होती. अशी युती रशियात फार दुर्मीळ.

पण ती युती कधीच एकत्र उभी राहिली नाही. १९ जुलैला संसदेत पहिल्या वाचनाला ३२८ विरुद्ध १०४ मतं पडली. सत्ताधारी पक्षातून विरोधात मत दिलं ते एकट्या नतालिया पोक्लोन्स्काया यांनी. बाकी तिन्ही पक्षांनी विरोधात मत दिलं, भाषणं केली आणि तिथेच थांबले. क्रेमलिननं आखून दिलेल्या कुंपणाबाहेर जायची त्यांची तयारी नव्हती. नवाल्नींबरोबर एका व्यासपीठावर येणं तर दूरच. कम्युनिस्टांनी सार्वमताची मागणी केली, निवडणूक आयोगानं प्रश्नही मंजूर केला. त्याच सुमारास कोणी फारसं न ऐकलेले आणखी गट जवळजवळ तोच प्रश्न घेऊन पुढे आले आणि त्या गुंत्यात सार्वमत विरून गेलं. नवाल्नींनी ९ सप्टेंबरला, प्रादेशिक निवडणुकांच्या दिवशी, देशभर निदर्शनांची हाक दिली. त्याआधीच ऑगस्टअखेर जानेवारीतल्या एका मोर्च्याचं कारण काढून त्यांना तीस दिवसांसाठी आत टाकण्यात आलं. त्या रविवारी हजाराच्या आसपास माणसं पकडली गेली, त्यांत पोरसवदा मुलंही होती. पेन्शनच्या मोर्च्यात शाळकरी पोरं, यावर सरकारी वाहिन्यांनी खूप थट्टा केली. त्या पोरांना निवृत्तीची चिंता नव्हती हे उघड आहे. आपल्या आजीला फसवलं गेलंय, एवढं कळायला निवृत्त व्हावं लागत नाही.

दरम्यान पुतिन अंग चोरून होते. आधी प्रवक्त्यानं सांगितलं की या विषयाशी राष्ट्राध्यक्षांचा संबंध नाही. जुलैत ते म्हणाले, वय वाढवण्याचा कोणताच पर्याय मला आवडत नाही. २९ ऑगस्टला मात्र टीव्हीवर येऊन त्यांनी बायकांचं वय ६३ ऐवजी ६० केलं, आपल्या देशात स्त्रियांकडे विशेष जपून पाहिलं जातं असं सांगून. तीन-चार मुलांच्या आयांना आणखी सवलत दिली, पहिल्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांना सहा महिन्यांची सूट दिली. वाईट बातमी मेदवेदेव देणार, दयाळूपणा राष्ट्राध्यक्ष दाखवणार, ही जुनीच विभागणी. २७ सप्टेंबरला अंतिम वाचन झालं, ३ ऑक्टोबरला सही, १ जानेवारी २०१९ पासून अंमल. पुतिन यांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचा लेवादाचा आकडा ७९ वरून जुलैत ६७ वर आला होता, आणि सवलतीनंतरही तो बराच काळ वर चढला नाही.

मतपेटीतून जे उमटलं ते जास्त बोलकं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये खाबारोव्स्कमध्ये झिरिनोव्स्कींच्या पक्षाच्या सेर्गेई फुर्गाल यांनी विद्यमान राज्यपालाला सुमारे ७० टक्के मतं घेऊन पाडलं. व्लादिमीर प्रांतातही तसंच झालं. खाकासियात तिशीतला एक कम्युनिस्ट पहिल्या फेरीत पुढे गेला आणि विद्यमान राज्यपालानं दुसऱ्या फेरीआधी माघार घेतली. प्रिमोर्येत कम्युनिस्ट उमेदवार शेवटच्या काही टक्के मतमोजणीत अचानक मागे पडला, बोभाटा झाला, निवडणूकच रद्द करावी लागली, आणि फेरनिवडणुकीत त्याला उभंच राहू दिलं नाही. या लोकांना लोकांनी त्यांच्या गुणांसाठी निवडलं नव्हतं. ते सत्ताधाऱ्यांपैकी नव्हेत, एवढंच पुरलं. फुर्गाल यांना २०२० मध्ये जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा खाबारोव्स्कमध्ये कित्येक आठवडे हजारो माणसं चालत राहिली, आणि २०२३ मध्ये त्यांना २२ वर्षांची शिक्षा झाली.

कायदा मंजूर झाल्यावर जेमतेम आठवडाभरानं सारातोव्ह प्रांतात आणखी एक प्रसंग घडला. पेन्शनरांच्या किमान खर्चावर चर्चा चालू असताना तिथल्या कामगारमंत्री बाईंनी सांगितलं की महिना साडेतीन हजार रूबलमध्ये माणसाच्या अत्यावश्यक गरजा भागतात, मकरोनीचा भाव तर कायम सारखाच असतो. त्यांना पदावरून जावं लागलं. निकोलाई बोंदारेंको या कम्युनिस्ट आमदारानं त्या रकमेत महिनाभर जेवून दाखवायचं ठरवलं आणि रोजचं ताट इंटरनेटवर टाकलं. तो बारीक होत गेला आणि प्रसिद्ध होत गेला. मला यात थट्टेपेक्षा दुसरंच दिसतं: ज्या वर्गानं हा कायदा केला, त्याला साठ हप्त्यांची किंमत माहीत नव्हती, कारण त्यानं ते पैसे कधी मोजूनच पाहिले नव्हते.

मग विरोध फुकट गेला का? रशियाच्या मित्रांच्या आणि शत्रूंच्याही विश्लेषणांत हा निष्कर्ष सर्रास दिसतो: लोक ओरडले, कायदा झाला, लोक गप्प बसले. मी तो स्वीकारत नाही. २०२० मध्ये पुतिन यांना आपल्या जुन्या कारकीर्दी शून्यावर आणून पुन्हा उभं राहण्याची सोय घटनेत करून घ्यायची होती, तेव्हा त्याच दुरुस्तीत पेन्शन वर्षातून किमान एकदा वाढवण्याची हमीही घालण्यात आली आणि प्रचार तिचाच झाला. २०१८ ची धास्ती नसती तर घटनेत पेन्शन आली नसती. काम करणाऱ्या पेन्शनरांची २०१६ पासून थांबलेली वाढ २०२५ पासून परत सुरू झाली. दुसऱ्या बाजूला पैशाचं काय झालं तेही दिसलं. जुलै २०२४ मध्ये सैन्यात करार करणाऱ्याला एकरकमी चार लाख रूबल देण्याचं फर्मान निघालं. सरासरी पेन्शनरला तेवढे मिळवायला दीड वर्षाच्या आसपास लागतं. पैसे नाहीत, हे उत्तर आता कोणी देत नाही.

२०२८ मध्ये संक्रमणाचा काळ संपेल आणि ६५ व ६० ही वयं पूर्णपणे लागू होतील. मूळ विधेयक जसंच्या तसं झालं असतं, तर रशियातल्या प्रत्येक सामान्य नोकरदार बाईला आणखी तीन वर्षं, म्हणजे छत्तीस हप्ते सोडावे लागले असते. २०१८ च्या सरासरीनं मोजले तर पाच लाख रूबलच्या आसपास. ते तिला राष्ट्राध्यक्षांच्या जपून पाहण्यामुळे मिळाले, असं मानायचं तर १४ जूनच्या मसुद्यात ते जपणं का नव्हतं, याचं उत्तर द्यावं लागेल. जून आणि ऑगस्टच्या मध्ये लोकसंख्या बदलली नाही, तेलाच्या हिशोबात उलथापालथ झाली नाही. बदलला तो फक्त रस्ता आणि लेवादाचा आकडा. पुरुषांचं ६५ मात्र ६५ च राहिलं.